दलजितसिंगच्या लेकीचं लग्न

नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत भगवंतचा फोटो स्टुडिओ होता. तेहतीस वर्षं त्यानं जुन्नर-आंबेगावातल्या लग्नांचे फोटो काढले. एके काळी मांडवात त्याचाच हुकूम चालायचा. "नवरदेव, हार परत घाला. मामा, जरा बाजूला सरा. भटजीबुवा, दोन मिनिटं थांबा." आणि भटजीबुवा खरंच थांबायचे.

चार वर्षांपूर्वी त्याची बायको, मंगल, गेली आणि भगवंतचा आवाजच बसल्यासारखा झाला. मांडवात तो कोपऱ्यात उभा राही, मुकाट फोटो काढी आणि निघून येई. लोक कुजबुजायला लागले, "ह्यो लग्नाला आल्यावानी वाटतच न्हाई, दहाव्याला आल्यावानी वाटतो." हळूहळू लग्नं ड्रोनवाल्या पोरांकडे गेली. भगवंतकडे उरले ओळखपत्राचे आणि शाळेच्या फॉर्मचे फोटो. सकाळी महाळुंगे पडवळहून जीपनं यायचं, संध्याकाळी जीपनंच रिकाम्या घरी परतायचं.

अशात जानेवारीत एक दिवस दलजितसिंग स्टुडिओत आला. हायवेला त्याचं ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे बसवायचं गॅरेज. पंजाबातून येऊन त्याला इथं पस्तीस वर्षं झाली होती. डोळे मिटून ऐकलं, तर त्याला कुणी परका म्हटलं नसतं.

"भाऊ, आमच्या जसलीनचं लगीन हाय. फोटो तुमी काढायचं."

"माझ्याकडं ड्रोन न्हाई, सरदारजी."

"ड्रोन मला काय करायचाय? थोरलीच्या लग्नात पुण्याची पोरं आणली व्हती. पाठ चालू असताना ग्रंथसाहेबांच्या म्होरून आडवी पळत व्हती. एक तर खुर्चीवर चढला! ग्रंथींनी पाठ थांबवला. माझी आई मरेस्तोवर ते बोलून दाखवायची. ह्या टायमाला मला गप बसणारा मानूस पायजे."

"तेवढं मात्र येतं मला," भगवंत म्हणाला.

काम घेतलं खरं, पण शिखांचं लग्न त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. म्हणून तीन दिवस आधी तो स्वतःच गुरुद्वाऱ्यात गेला. आळेफाट्याच्या बाजूला ट्रकवाल्यांनी वर्गणी काढून बांधलेली ती साधी, पांढरी इमारत. तिथं पाठ करणाऱ्या म्हाताऱ्या ग्रंथींनी त्याला शेजारी बसवून घेतलं आणि हिंदीत सावकाश सगळं सांगितलं. डोकं झाकायचं, चपला बाहेर काढायच्या, हात-पाय धुवायचे. गुरू ग्रंथसाहेबांपेक्षा उंच जागी उभं राहायचं नाही, त्यांच्याकडे पाय करायचे नाहीत. नवरा-नवरी आणि ग्रंथसाहेब यांच्या मधून तर मुळीच जायचं नाही. फ्लॅश नको. आणि अंगावर तंबाखू नको.

भगवंतचा हात नकळत खिशावर गेला. मंगल गेल्यापासून तंबाखूची चंचीच त्याची सोबत होती. ग्रंथींनी ते पाहिलं.

"आणि एखादा फोटो हुकला तर?" त्यानं विचारलं. "परत करून दाखवतील का ते?"

ग्रंथी हसले. म्हणाले, फेरे गुरूंच्या समोर होतात. कॅमेऱ्यासाठी परत होत नाहीत.

लग्नाच्या दिवशी भगवंतनं चंची घरीच देवळीत ठेवली. डोक्याला रुमाल बांधला आणि भिंतीला टेकून, मांडी घालून, एका जागी बसला. समोर चांदव्याखाली ग्रंथसाहेब. दलजितसिंगनं नवऱ्याच्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक लेकीच्या हातात दिलं. पाटे उचलून राठ झालेल्या हातांनी तिची मूठ त्यावर नीट मिटवली. भगवंतनं तो फोटो घेतला.

मग चार लावां, म्हणजे फेऱ्यांची चार कडवी, सुरू झाल्या. ग्रंथी एक लाव वाचत, मग तीच गात आणि त्या सुरावर दोघं ग्रंथसाहेबांभोवती हळूहळू फिरून येत. पुढं नवरा, मागं उपरणं धरलेली जसलीन. जोडपं त्याच्या बाजूला आलं की भगवंतला एकदोन फोटो मिळत. पलीकडे गेलं की नुसत्या पाठी दिसत. पूर्वीचा भगवंत उठून पलीकडे धावला असता. आता तो गुडघे दुखत असतानाही हलला नाही. कॅमेऱ्याचा खटका वाचनात ऐकू येईल म्हणून गाणं चालू असतानाच तो बटण दाबत होता.

शेवटी अरदासीला, म्हणजे समारोपाच्या प्रार्थनेला, सगळे उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. भगवंतनं कॅमेरा खाली सतरंजीवर ठेवला आणि हात जोडले. डोळ्यासमोर काच नसताना लग्न बघायची त्याला सवयच राहिली नव्हती. दलजितसिंग आणि त्याची बायको सुरिंदर शेजारी शेजारी उभी होती. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

त्याला प्राची आठवली. त्याची एकुलती एक लेक.

सहा वर्षांपूर्वी तिच्या लग्नाचे फोटो त्यानंच काढले होते. पाठवणीच्या वेळी ती हुंदके देत त्याच्याकडे आली, तेव्हा तो दोन पावलं मागं सरकला होता. "प्राची, इकडं बघ. उजेड इकडून हाय." तिनं बघितलं. फोटो लई भारी आला. वर्षभर तो स्टुडिओच्या काचेत होता. पुढं मंगलच्या दहाव्याला, भांडी आवरता आवरता, प्राची सहज बोलल्यासारखं म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी मी तुमच्या गळ्यात पडायला आले होते." एवढंच. भांडण नाही, अबोला नाही. ती हैदराबादला राहायची. रविवारी फोन यायचा, पण तीनचार वाक्यांत आटपायचा.

अरदास संपली तरी भगवंत क्षणभर तसाच हात जोडून उभा होता.

निरोपाच्या वेळी जसलीन गाडीपाशी बापाच्या गळ्यात पडली. भगवंतनं लांबूनच, दोघांच्या पाठीमागून, एक फोटो घेतला आणि कॅमेरा खाली केला. गाडी हायवेला लागली. पाहुणे पांगले. तो बॅग भरत होता, तेवढ्यात दलजितसिंग आला.

"भाऊ, जेवल्याबिगर जायचं न्हाई."

लंगरच्या शेवटच्या पंगतीत दलजितसिंग त्याच्या शेजारी बसला. लग्नात फोटोवाल्याचं जेवण म्हणजे सगळं उरकल्यावर, स्वयंपाक्यांच्या घोळक्यात, उभ्यानं. यजमानाच्या मांडीला मांडी लावून भगवंत पहिल्यांदाच जेवत होता.  डाळ वाढणाऱ्याला दलजितसिंगनं खुणेनंच सांगितलं, ह्यांना अजून.

पंधरा दिवसांनी अल्बम गेला. नवऱ्याकडच्यांनी नाराजी कळवली: फेऱ्यांचे निम्मे फोटो नुसते पाठमोरे, अरदासीचा एकही नाही. दलजितसिंगनं ते भगवंतला जसंच्या तसं सांगितलं, आणि वर म्हणाला, "बोलू द्या. आमच्या घरात कुणाची तक्रार न्हाई."

त्या रविवारी प्राचीचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर भगवंत म्हणाला, "त्या दिवशी मी चुकलो, बाळा. मी मागं सराया नको व्हतं."

 ती म्हणाली, "पप्पा, कुकर लागलाय. मी नंतर करते."

तो संध्याकाळपर्यंत मोबाईल उशाला घेऊन पडून राहिला. फोन आला नाही. पुढच्या रविवारी आला, त्यात त्या गोष्टीचं नाव निघालं नाही. त्यानंही काढलं नाही.

दिवाळीला ती दोन दिवस आली. आल्या आल्या आईच्या वेळचे डबे घासले, घर झाडलं. निघताना तो तिला सोडायला कळंबला हायवेपर्यंत गेला. गाडीला वेळ होता. पिशवी खाली ठेवून ती त्याच्याजवळ सरकली आणि गाडी येईपर्यंत त्याच्या दंडाला धरून उभी राहिली. गाडी आली, ती चढली, खिडकीतून हात हलवला.

गाडी दिसेनाशी झाल्यावरही भगवंत फाट्यावर थांबून होता. महाळुंग्याच्या दोन जीपा त्यानं तशाच जाऊ दिल्या.