आकारामच्या टेम्पोचा आवाज

आकारामचा टेम्पो उद्यमनगरात शिरला, की माझ्या गॅरेजमध्ये सगळे कानांवर हात ठेवत. पंचवीस वर्षं तो पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांतलं दूध वारणानगरला पोचवत होता आणि तेवढीच वर्षं मी त्याच्या इंजिनाला शिव्या घालत होतो. दोनदा बोअर करून झालं होतं. तिसऱ्यांदा घासायला आत लोखंडच उरलं नव्हतं.

मी म्हणायचो, इंजिनच बदल. तो म्हणायचा, दुरुस्त कर. चिकट माणूस आहे, असं मी चारचौघांत बोललोही. आज त्या बोलण्याची लाज वाटते.

एकदा चिडून मी पाना खाली टाकला, तेव्हा त्यानं खरं कारण सांगितलं. त्याची बायको धोंडुबाई दोन वर्षांपासून माणसं विसरत चालली होती. आधी जावा विसरली, मग पोटची लेक, आणि दिवाळीपासून खुद्द आकारामच. पण टेम्पो गावच्या वळणावर खडखडला, की ती जुन्या सवयीनं उठायची, चहा टाकायची आणि दारात येऊन विचारायची, आलासा? चहा संपेपर्यंत आकाराम तिचा नवरा असायचा.

"एवढा आवाज तेवढा ठेव मिस्त्री," तो म्हणाला. "बाकी काय बी कर."

मी बेअरिंगं बदलली, रिंगा घातल्या आणि जन्मात पहिल्यांदा खडखडाट मुद्दाम तसाच राहू दिला. बारा दिवस चाललं. तेराव्या दिवशी टेम्पो चढावर बंद पडला. दूध नासलं ते नासलंच, पण ठरल्या वेळी आवाज आला नाही म्हणून धोंडुबाई त्याला शोधायला एकटीच रस्त्यानं निघाली. उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं तिला लांबून परत आणलं.

इंजिन आणखी एकदा जोडून देता आलं असतं. पुन्हा कधी दगा देईल, हे मात्र मी सांगू शकत नव्हतो. आकाराम बाकड्यावरून उठून टेम्पोपाशी गेला.

"बदल," तो म्हणाला. "येळंला घरी तरी पोचीन."

हॉर्न वाजवत जा, तिला त्याची सवय होईल, असा शहाणपणा मी वर शिकवला.

नवं इंजिन चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागायचं. एरवी अशा कामाचा मला केवढा अभिमान वाटला असता. पहिल्या दिवशी मीही टेम्पोत बसून त्याच्या घरी गेलो. वळणावर त्यानं हॉर्न दाबून धरला. धोंडुबाई दारात लसूण सोलत होती. तिनं मान वर केली नाही. आकाराम उतरून समोर उभा राहिला, तेव्हा तिनं पदर सावरला.

"कुणाकडं आलायसा, पावणं?"

तो तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता नाव सांगेल.

"आकारामकडं," तो म्हणाला.

"मालक अजून आलं न्हाईत. बसा की. वळणावर गाडी वाजली, की च्या टाकतो."

तो स्वतःच्याच पायरीवर अंग चोरून, टोपी हातात घेऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. धोंडुबाईनं लसूण बाजूला ठेवला आणि वळणाकडे कान देऊन ती नवऱ्याची वाट बघू लागली. दिवेलागण झाली तरी आम्ही तिघं तिथंच होतो. त्या दिवशी चहा झाला नाही.