बाबांचा एकट्याचा फोटो

त्या दिवशी सकाळी आमच्या बिल्डिंगला पाणी उशिरा आलं. मी बाथरूममध्ये पिंप आणि बादल्या भरत होते. नळाच्या आवाजात दाराची कडी काढल्याचं ऐकू आलं नाही. हॉलमध्ये आले तेव्हा टीव्ही चालू होता, चहाचा कप स्टुलावर तसाच होता आणि दार सताड उघडं होतं. बाबांच्या चपला दारात होत्या. म्हणजे ते अनवाणीच बाहेर पडले होते.

बाबा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर रत्नागिरीकडचं खाडीपलीकडचं घर बंद करून आम्ही त्यांना भाईंदरला आमच्याकडे आणलं. सुरुवातीला बरे होते. मग विसरायला लागले. आधी माणसांची नावं गेली, नंतर आपण जेवलो की नाही हेही लक्षात राहीना. संध्याकाळ झाली की विचारायचे, "आता घरी जायचं ना?" मी म्हणायचे, "हेच घर, बाबा." ते मान डोलवायचे, पण त्यांना पटलेलं नसायचं. तरी एकटे कधी खाली उतरले नव्हते, म्हणून मी निर्धास्त होते.

मी जिना उतरले, बिल्डिंगच्या मागे पाहिलं, मंदिरात पाहिलं, बाजाराच्या तोंडापर्यंत धावत जाऊन आले. वॉचमनने त्यांना पाहिलं नव्हतं. मी फोन केला तसा नवरा कामावरून परत आला आणि आम्ही पोलीस चौकीत गेलो. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे विचारून लिहून घेतलं. उंची, कपडे, खूण. डाव्या भुवईवर जुनी खोक आहे, तरुणपणी सुपारीच्या झाडावरून पडले होते, असं मी सांगितलं. रंग विचारला तेव्हा काळेसावळे म्हटलं.

"फोटो पाठवा," त्या म्हणाल्या. "एकट्यांचाच हवा. चेहरा साफ दिसला पाहिजे. आम्ही सगळ्या ग्रुपवर टाकतो, तुम्हीपण टाका."

नवरा स्कूटर घेऊन स्टेशनच्या बाजूला शोधायला गेला. मी घरी आले आणि मोबाईलमधले फोटो बघायला लागले. बाबांचा एकट्याचा फोटो नव्हताच. नातीबरोबर, लग्नात कोणाच्या मागे अर्धे, केकच्या बाजूला डोळे मिटलेले. त्यातल्या त्यात बरा होता बिल्डिंगच्या सत्यनारायणाचा. बाबा मध्ये बसलेत, हातात प्रसादाची वाटी, शेजारी दोघे जण, त्यातल्या एकाचा हात बाबांच्या खांद्यावर. मागे ट्यूबलाईट, त्यामुळे चेहरा काळोखात.

मी मोबाईलवरच तो कापायला घेतला. चौकट बोटाने ओढते तोवर फोन वाजला. जाऊबाई होत्या. बोलून परत आले तर चौकट गेलेली. पुन्हा ओढली, पुन्हा फोन. सगळ्यांना कळलं होतं आणि सगळे काळजीने फोन करत होते, आणि प्रत्येक फोनला माझे बाबा पुन्हा त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसत होते. खालचं फोटोचं दुकान सोमवारचं बंद. 

शेजारच्या गुजराती भाभी येऊन बसल्या होत्या. त्यांच्या मोबाईलवरून मी मुलीला फोन लावला. ती पुण्याला नोकरी करते. बातमी कळताच ती बसमध्ये बसली होती.

"तुला पाठवते, तू कर," मी म्हटलं.

"आई, नेट चालत नाहीये इथे. फोन लागतोय तोवर सांगते. माझा जुना लॅपटॉप काढ. त्यात फोटोचं सॉफ्टवेअर आहे."

तो लॅपटॉप मी फक्त पुसायला हातात घेत असे. वायर लावली, मोबाईल जोडला, आणि तिच्या सांगण्यावरून फोटो मोबाईलवरून लॅपटॉपवर कॉपी केला. ते सॉफ्टवेअर उघडल्यावर दोन्ही बाजूंना इतकी चित्रं आली की कुठे बघावं ते कळेना.

"कात्रीचं चित्र कुठे आहे?" मी विचारलं.

"कात्री नसते. चौकोनासारखं असतं, कोपरे एकमेकांवर गेलेले. ते क्रॉप."

"कापलं तर बाकीचा फोटो जातो का गं?"

"जाऊ दे गं आत्ता. काप."

मी कापला. त्या माणसाचा हात मात्र बाबांच्या खांद्यावर राहिला. माणूस नाही आणि हात आहे. मुलीने हात पुसायचा ब्रश सांगितला, मागे पांढरा रंग भरायला सांगितलं. पांढऱ्यावर बाबांचा तेवढा चेहरा आला आणि मी माऊसवरून हात काढून घेतला. आई गेली तेव्हा दुकानवाल्याने तिचा फोटो लग्नाच्या फोटोतून असाच कापून, पांढऱ्यावर लावून दिला होता. ती आमच्या भिंतीवर आहे. आता मी स्वतःच्या हाताने बाबांचं तेच करत होते, आणि ते कुठे आहेत हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, हे मी पुरं केलं तर त्यांना काहीतरी होईल. असं काही नसतं हे मला कळत होतं. तरी हात पुढे जाईना.

"क्या हुआ?" भाभींनी विचारलं.

"कुछ नहीं," मी म्हटलं, आणि माऊस धरला.

"आई, चेहरा काळा दिसतोय ना? ब्राइटनेसची पट्टी उजवीकडे ने. खाली स्मूथ..." आणि फोन कट. बोगदा आला असणार.

मी पट्टी उजवीकडे नेली. बाबा उजेडात आले. आणखी नेली. स्मूथ म्हणजे काय ते विचारायला कोणी नव्हतं. तिने सांगितलं म्हणजे करायचंच असेल, असं धरून तीही पट्टी ओढली. चेहरा स्वच्छ झाला. मी सेव्ह दाबलं आणि ती फाईल परत मोबाईलवर घेऊन चौकीतल्या बाईंना आणि दिसेल त्या ग्रुपवर पाठवली. लगेच उत्तरं यायला लागली. उघडत नाही. ओपन नहीं हो रहा.

फोन पुन्हा लागला तेव्हा मुलीने समजावलं की नुसत्या सेव्हने जी फाईल होते ती फक्त त्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, लोकांच्या मोबाईलवर नाही. एक्सपोर्टमध्ये जाऊन जेपीजी करायचं. मी तसं केलं. सॉफ्टवेअरने फाईलचं नाव विचारलं, मी फोटोचं आधीचंच राहू दिलं. मग इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी न वाचता यस दाबलं. एवढा वेळ त्यात गेला होता की मला फक्त फोटो जायला हवा होता.

ह्या वेळी फोटो उघडला. पंधरा मिनिटांत तो कुठे कुठे गेला ते मला कळलंही नाही. बचत गट, भाजीवाल्यांचा ग्रुप, रिक्षावाल्यांचा, उत्तनच्या बाजूच्या गावांचा. खाली माझा नंबर होता.

मग वाट बघणं सुरू झालं. ते सगळ्यात वाईट होतं. दुपार उतरायला लागली. नवऱ्याचा फोन आला की काशीगावजवळ हायवेवर कोणा म्हाताऱ्याला गाडीचा धक्का लागलाय, पांढरा सदरा आहे म्हणतात, मी बघून येतो. त्यानंतर त्याचा फोन लागेना. मी देवासमोर बसले, पण हात जोडायचं सुचेना. बाबांच्या चपला मी दारातून उचलून आत घेतल्या होत्या, त्या पुन्हा बाहेर नेऊन ठेवल्या. का, ते सांगता येणार नाही. शेवटी नवऱ्याचा फोन आला. तो माणूस बाबा नव्हते. त्याचे लोक आले होते. मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

भाभी मोबाईल बघत बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "बुरा मत मानना. ये फोटो... अंकल जैसे नहीं लग रहे."

मी चष्मा लावून नीट पाहिलं. फोटोत कोणीतरी गोरापान, गुळगुळीत गालांचा साठीचा गृहस्थ होता. सुरकुत्या नव्हत्या. डाव्या भुवईवरची खोक नव्हती. ज्या एका खुणेवरून कोणी ओळखलं असतं ती मीच पुसून टाकली होती, आणि अख्खं भाईंदर आता भलत्याच माणसाला शोधत होतं. कोणी बाबांना रस्त्यात पाहिलं असेल, फोटो पाहिला असेल, आणि हे ते नव्हेत म्हणून पुढे गेलं असेल.

मी लॅपटॉपकडे धावले. मूळ फोटो उघडला तर तिथेही तोच गोरा माणूस. दुसरा फोटोच नाही. मागे जायचा बाण होता, तो फिकट झालेला, दाबला तरी काही होईना.  भाभींनी फोन लावून माझ्या कानाला धरला.

"बाबांचा फोटो गेला," मी मुलीला सांगितलं. "मी यस दाबलं. जुना फोटो राहिलाच नाही."

"आई, ऐक. रडू नको. यस म्हणजे जुन्यावर नवीन ठेव असं झालं. पण ते लॅपटॉपवर. तू मोबाईलवरून कॉपी केला होतास ना?"

"हो."

"मग मोबाईलमधला तसाच आहे. कॉपी केल्याने तिथला जात नाही. बघ उघडून."

उघडला. बाबा होते. काळोखात, वाटी घेऊन, खांद्यावर परक्याचा हात, आणि बारीक पाहिलं तर भुवईवर ती रेघ. एखादी वस्तू दोन ठिकाणी असू शकते आणि एका ठिकाणी मोडली तरी दुसरीकडे शाबूत राहते, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. मी त्या फोटोला काहीही केलं नाही. कापायचंसुद्धा धाडस नव्हतं. तसाच पाठवला आणि लिहिलं: मधले, वाटी घेतलेले. रंग सावळा. डाव्या भुवईवर खोक. आधीचा फोटो चुकीचा आहे, हा बघा.

ऊन पिवळं होत होतं तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता.

"तुमचं बाबा हरवलंय का? मी राई गावावरनं बोलतंय. हितं आमच्या वट्यावर बसल्यान. पानी दिलाय, भात दिलाय."

"भुवईवर खूण आहे का?" मी विचारलं. 

"हाय ना. मगाशी पयला फोटो आलेला, माझ्या सुनेनं दाखवला. मी बोललू, ह्यो न्हाय, ह्यो गोरा हाय. आता दुसरा आला तवा समजला."

नवरा परत येईपर्यंत मला दम नव्हता. भाभी आणि मी रिक्षाने निघालो. मुर्धा गावाचा रस्ता, मग राई. बाई गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. खाडीच्या बाजूला त्यांचं घर, पुढे जाळी वाळत टाकलेली. बाबा ओट्यावर मांडी घालून बसले होते. पाय चिखलाने भरलेले, एका अंगठ्यातून रक्त येऊन सुकलेलं. ते माझ्याकडे बघून हसले.

"तू एवढ्या लांब कशाला आलीस?"

"तुम्हाला न्यायला."

"अगं, मी येतच होतो. होडी चुकली."

मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात धरला. त्यानंतर कितीतरी वेळ मला उठताच येईना.  त्या बाई म्हणाल्या, "सकालपास्नं दोनदा उठून खारीकडं चाललंवतं. मीच बसवलं." मी खाडीकडे बघितलं नाही. भरती येत होती, तिचा आवाज येत होता, तेवढा पुरे होता.

घरी येऊन मी कोमट पाण्याने त्यांचे पाय धुतले. मुलगी पोचली तेव्हा ते जेवून झोपले होते. नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी दाराला वरच्या अंगाला आणखी एक कडी बसवली, बाबांचा हात पोचणार नाही अशी. चौकीत जाऊन सांगून आलो. राईच्या बाईंकडे आम्ही दिवाळीला जातो, त्या आम्हाला सुके बोंबील देतात.

भीती मात्र त्या दिवशी संपली नाही. फोटो परत बोलावता येत नाही, हे कोणी मला सांगितलं नव्हतं. सापडले, म्हणून मी सगळ्या ग्रुपवर लिहिलं, पण तो निरोप फोटोइतका फिरला नाही. कितीतरी महिने फोन येत राहिले. विरारहून, कल्याणहून, एकदा गुजरातमधून. बहुतेक सगळे चौकशी करायचे, काका मिळाले का. मी हो म्हणून आभार मानायचे.

एकदा दुपारी एका माणसाचा फोन आला. "आपके पिताजी यहाँ बैठे हैं. हमारी दुकान के सामने. बिलकुल फोटो जैसे."

बाबा माझ्यासमोर शेंगा सोलत बसले होते. तरी मी उठले आणि त्यांच्या खांद्याला हात लावून बघितला. त्यांनी वर पाहिलं आणि सोललेले दोन दाणे माझ्या हातावर ठेवले.

"वो मेरे पिताजी नहीं हैं," मी फोनवर म्हटलं. पलीकडचा माणूस ठेवणार होता. "रुकिए. उनको जाने मत दीजिए. पानी दीजिए. उजाले में बिठाके एक फोटो निकालिए, और उसमें कुछ भी बदलिए मत. फिर अपने पुलिस स्टेशन में दीजिए."

"आपको भी भेजूँ?"

मी हो म्हटलं. थोड्या वेळाने फोटो आला. दुकानाच्या पायरीवर बसलेले एक गोरे, गुळगुळीत दाढी केलेले गृहस्थ, उन्हाने डोळे बारीक केलेले. मी पसरवलेल्या चेहऱ्यासारखे खरंच होते. मी तो फोटो आमच्या सगळ्या ग्रुपवर पाठवला. कोणी ओळखलं का ते मला कळलं नाही. मी दोनदा त्या दुकानदाराला फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला, पोलीस घेऊन गेले. दुसऱ्यांदा त्याने उचलला नाही.