अक्कांचं गळकं तळं

दिवाळी सरली आणि दवाखान्यातून पुतण्याचा फोन आला. "काकी, आई गेली." एवढंच बोलला. मी हातातलं काम टाकून बांधावर जाऊन बसले. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई… भांडल्याही माझ्याशीच आणि जीवही लावला मलाच.

आमची शेतं बेंबळीजवळ, माळाच्या उताराला. वाटणीत विहिरीसह खालचं रान आमच्याकडं आलं, वरचं कोरडं रान अक्कांकडं. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं तुटलं. कितीतरी वर्षं आम्ही दोघी एकाच बांधावरून तोंड फिरवून जायचो. अक्का हट्टी. माळावरून वाहून जाणारं पावसाचं पाणी चर काढून त्यांनी रानात वळवलं आणि वांगी-मिरचीच्या वाफ्यांसाठी तळं खोदलं. खोदलं ते नेमकं मुरमात! संध्याकाळी भरलेलं तळं दोन दिवसांत रिकामं. "म्हातारीनं तळं न्हाय, चाळण खणली," म्हणून गाव हसलं. मीही हसले.

दर उन्हाळ्यात आटणारी आमची विहीर त्या साली मात्र आटली नाही. पाणी कुठून आलं, हे न कळायला आम्ही काही दूधखुळे नव्हतो, पण यजमानांनी तोंड उघडलं नाही. पुढं पुतण्यानं तळ्यात अंथरायला प्लास्टिकचा कागद आणला. मी मान-अपमान गुंडाळून ठेवला आणि वर गेले.

"अक्का, कागद टाकला तर आमची विहीर आटंल बघा."

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. "मग माझ्या वांग्याला पाणी कोण देणार? तू?"

"व्हय, मीच देते."

"दे मग. गळू दे तळं. पाणी जातंय कुठं, भावकीतच की!"

तो कागद कडब्याच्या गंजीवर गेला. आमच्या विहिरीवरून पाइप वर चढला, आणि त्याच्या मागोमाग आमचं बोलणंही. पहिल्या तोडीची वांगी अक्का स्वतः पदरात घेऊन आल्या. "पाणी माझं, मोटर तुझी," म्हणून मला चिडवायच्या.

तेराव्यानंतर पुतण्याला तळ्याचं विचारायचा मला धीर होईना. तोच म्हणाला, "काकी, तळ्याला हात लावत न्हाय. आईच्या वाफ्याला तेवढं पाणी सोडत जावा." मला रडू आवरलं नाही.

परवा मोटर चालू केली आणि नेहमीसारखी विहिरीपाशी थांबले. वाफे भरले की अक्का वरून हाक द्यायच्या, "बास गं मीरा!" मग मी बटण दाबायची. बराच वेळ झाला… हाक काही येईना. शेवटी बांध चढून वर गेले. वाफे केव्हाच भरले होते, पाणी पायवाटेवर वाहत होतं.