विमानाला घोंगडी

कोळवणच्या खोऱ्यात, भातखाचरांच्या वरच्या माळावर, पियूष साहेबांचं दोन माणसांचं विमान पत्र्याच्या शेडमध्ये असे. ते राखायला नाथा होता. पाय मोडल्यावर त्यानं मेंढरं धाकट्या भावाच्या हवाली केली आणि बायको बानूबाईला घेऊन शेडलगतच्या खोलीत राहायला आला. विमान आहे तोवर खोली, एवढंच ठरलेलं.

साहेब बावधनचे. आधी दर रविवारी येऊन उडत. मग नोकरीनं परदेशी गेले. जाताना म्हणाले, "नाथा, ओल लागू देऊ नकोस." इंजिन सुरू करायची मात्र त्याला मुभा नव्हती.

२००६च्या पावसात ताम्हिणीकडचं धुकं फटींतून शेडमध्ये शिरलं. पत्र्याला आतून थेंब धरले. घोंगडीखाली माणूस कोरडा राहतो, हे नाथाला जन्मापासून ठाऊक. त्यानं आपली घोंगडी इंजिनावर गुंडाळली आणि सुतळीनं आवळली.

"मेंढरू हाय व्हय ते?" बानूबाई हसली.

"मेंढरापरीस लई नाजूक हाय."

दिवाळीला साहेब येऊन उडणार होते. त्याआधी सर्व्हिसिंगला पुण्याहून जनार्दन मेकॅनिक आला. त्यानं घोंगडी सोडली. ती ओली, जड झाली होती. खाली सिलिंडर गंजून तांबूस पडले होते. प्लग काढून त्यानं आत बॅटरी मारली; आतही गंज दिसला.

"ही कुणी बांधली?"

"म्या. गारठा लागतो म्हून."

"माणसाच्या अंगात ऊब असते, मामा. बंद इंजिनात कुठली? लोकर पाणी धरून बसली. तसं इंजिन इतके महिने बंद ठेवायलाच नको होतं. सगळं तुमच्यामुळं नाही झालं."

शेवटचं वाक्य नाथापर्यंत पोचलंच नाही.

जनार्दननं चढावर रेंज मिळाली तिथून साहेबांना फोन लावला. बोलणं लगेच आटोपलं. साहेब म्हणाले, दुरुस्ती नको, आहे तसं विकून टाका.

"आन् आमी?"

"ते मी नाही विचारलं."

"लावा की परत. म्या बोलतो."

जनार्दननं लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

आठवड्याभरात घेणाऱ्याचा ट्रक आला. पंख सोडवून विमान वर चढवताना माणसं कमी पडली, तेव्हा नाथानंही खांदा दिला.

"ऱ्हायाचं का बिऱ्हाड बांधायचं?" बानूबाईनं विचारलं.

रिकाम्या शेडला नाथानं कुलूप घातलं. किल्ली कुणाकडे द्यायची हे कुणी बोललं नव्हतं, म्हणून ती कनवटीला खोचली.