आक्काची कॉकटेलं आणि माझी एक बाटली

आक्का आज पहाटे गेली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो हा: आता मी थोरली.

लाज वाटली. पण आला तो आला. ब्याण्णवाव्या वर्षी खोटं कशाला बोलू?

आक्का म्हणजे माझी सख्खी बहीण, सुशीला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. त्या तीन वर्षांचा मी जन्मभर हेवा केला.

आमच्याकडे कोजागरीला घरातल्या पहिल्या मुलाला ओवाळायचे. आश्विनी म्हणतात त्याला. पाट, रांगोळी, नवा परकर, आटवलेल्या दुधाचा पहिला पेला. सगळं आक्काला.

धाकटीनं बाजूला उभं राहून बघायचं. दरवर्षी.

"आई, मला कधी ओवाळणार?"

"तू दुसरी ना गं. तुला कसं ओवाळणार?"

विषय संपला.

तेव्हा आम्ही नगरला राहायचो. लढाई चालू होती. अप्पा शाळेत मास्तर, मामा कॅम्पात कारकून. साहेबांच्या मेसमधून टाकून दिलेलं एक इंग्रजी मासिक मामानं आक्काला आणून दिलं, इंग्रजी सुधारेल म्हणून. त्यात एक पान होतं: शरद ऋतूसाठी घरच्या घरी करायची कॉकटेलं.

चौदा वर्षांची मुलगी ती. पेन्सिल घेऊन बसली, दारूची सगळी नावं खोडली आणि शेजारी आपली लिहिली. जिन खोडून लिंबू. रम खोडून गूळ.

मग ऑक्टोबरच्या उन्हात रोज दुपारी तिचे प्रयोग.

श्रीगोंद्याच्या मोसंब्यांचा रस, त्यात आलं, वर मिरपूड. डाळिंबात पुदिना आणि सैंधव. पेरूचा गर फडक्यातून गाळून त्यात लिंबू. अप्पा शाळेतून आले की त्यांच्या हातात "आजचं कॉकटेल".

अप्पा कुणाचं कौतुक करणाऱ्यातले नव्हते. पण एक घोट घ्यायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वा!"

ते "वा" मला अजून ऐकू येतं. ते माझं नव्हतं.

मीही एकदा केलं. अप्पांनी घोट घेतला आणि विचारलं, "कुणाला पडसं झालंय का?"

आक्का हसली नाही. त्याचाच जास्त राग आला.

मग मी गुपचूप कामाला लागले. मामानं आणलेल्या रिकाम्या बाटल्यांतली एक घेतली. गूळ, लिंबू, आलं, मूठभर मनुका, पाणी. आईचं लिंबाचं लोणचं उन्हात ठेवलं की मुरतं आणि चव चढते, एवढं मला माहीत होतं. मीही बाटलीला बूच ठोकलं, वरून सुतळी आवळली आणि माळवदावर लोणच्याच्या बरणीमागे आठ दिवस उन्हात ठेवली.

कोजागरीची संध्याकाळ. आक्का पाटावर. आईनं निरांजन लावलं.

मी सुतळी सोडून बाटली पाटासमोर ठेवली. अप्पा विचारतील, हे काय? मग पितील. मग "वा" म्हणतील. एवढंच हवं होतं मला.

अप्पांनी विचारायच्या आत बूच उडालं.

थेट तुळईला लागलं. फेस आईच्या हातावर, आक्काच्या नव्या परकरावर, निरांजनावर. ओवाळता ओवाळता, आक्काच्या तोंडासमोर निरांजन विझलं.

कसलासा वास सुटला. घरात कुणाला ओळखू येईना. ओळखला तो दारात दूध घेऊन उभ्या असलेल्या म्हादबा गवळ्यानं.

"मास्तर, रागावू नका... पन ही गुळाची हाय. लई झ्याक मुरलीया."

मास्तरांच्या घरात दारू. तीही कोजागरीला.

"कुणी केलं हे?" अप्पा इतक्या शांतपणे कधी बोलले नव्हते.

मी सुतळी मुठीत लपवली.

"मी केलं," पाटावरून आक्का म्हणाली.

अप्पांनी ते मासिक बंबात घातलं. दिवाळीपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत. आश्विनी अर्धीच राहिली. विझलेल्या निरांजनाचा आईनं तर असा धसका घेतला की पुढं आक्काला साधा ताप आला तरी ती देवापुढं बसायची.

आक्का पंच्याण्णव वर्षं जगली.

खरं तर मला हवं ते झालं होतं. कॉकटेलं बंद, तिचं "वा" बंद. पण माझ्या वाट्याला काहीच आलं नाही. अप्पा शाळेतून आले की नुसतं पाणी मागायचे.

आणि आक्का? बोलणी खाऊनसुद्धा तीच मोठी ठरली. मी त्याचाही हेवा केला. काय म्हणावं मला!

पुढं ती लग्न होऊन पुण्याला गेली, मी नगरलाच राहिले. नव्वदी उलटल्यावर तिच्या नातीनं मोसंबी-आल्याच्या पेल्यासकट तिचा फोटो टाकला, "आजीचं स्पेशल मॉकटेल". दोनशे लाइक.

माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला बावीस.

गेल्या कोजागरीला व्हिडिओ कॉलवर तिनं मला पेला दाखवला आणि म्हणाली, "कुमे, सुतळी सोडायला नको होतीस बघ."

इतक्या वर्षांत त्या बाटलीबद्दल पहिल्यांदाच बोलली.

मी म्हटलं, "कसली सुतळी? तुझा आवाज तुटतोय गं."

आवाज स्वच्छ येत होता.

आता कोजागरीला आठ दिवस राहिलेत आणि मी थोरली. सून म्हणाली, "मावशी गेल्या, आता पहिला पेला तुमचा." पण ओवाळायला आई नाही. "वा" म्हणायला अप्पा नाहीत. आणि जिच्यावर जळायचं, तीही आज गेली.

आक्का, बाटली माझी होती. तेव्हा अप्पांसमोर तोंड उघडलं नाही, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते.

थोरली तूच. पहिला पेला तुझाच.

नीट जा गं.

तुझी धाकटी, कुमी