‘नको’चं बटण कुठाय?

लीडरमावशी फोनला तोंडावर उत्तर द्यायची. फोनवरच्या माणसाला नव्हे, खुद्द फोनला. पडद्यावर पाटी यायची, नवीन अपडेट आलं आहे, आत्ता घ्यायचं की नंतर? मावशी फोन हातभर लांब धरून ओरडायची, "आत्ता बी न्हाय आनि नंतर बी न्हाय! ‘नको’चं बटण कुठाय? पोरीला असं विचारतात काय, लगीन आज करतेस का उद्या?" जेवणाच्या सुट्टीत आमची अख्खी ओळ हसायची. मी मात्र माझा फोन उलटा करून ठेवायचे. चुकून काही दाबलं गेलं तर काय घ्या.

भिवंडीजवळ मानकोलीच्या एका गोदामात आम्ही बायका आलेला माल स्कॅन करून रॅकवर लावायचो. मावशी आमच्या ओळीची टीम लीडर, म्हणून लीडरमावशी. तीही आम्हाला नावाने हाक मारायची नाही, गावाने मारायची. मी ‘वाशीम’. माझ्या शेजारची ‘जौनपूर’. शाळा आठवीत सुटली, लग्न झालं, आणि कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या नवऱ्यामागे मी भिवंडीत आले. पहिल्या दिवशी स्कॅनर हातात घेतला तेव्हा पडद्यावर सगळं इंग्रजी. आता हाकलतीलच म्हणून मी डबा घट्ट धरून उभी होते.

मावशी जवळ आली. "विंग्रजी वाचायला कोन सांगतंय तुला? हिरवं बटण दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मंग झालं. खोका उचल, रेघांच्या पट्टीवर लाल उजेड टाक, अंगठा खाली डावीकडं. डोळं मालावर ठेवायचं. अंगठ्याला एकदा घर दाखवलं ना, का तो आपला आपण घरी जातो."

तिने कितीतरी बायकांना असंच शिकवलं होतं. कुणी मराठीसुद्धा न वाचणाऱ्या, कुणी चष्मा परवडत नाही म्हणून डोळे बारीक करणाऱ्या. आठवडाभरात माझा अंगठा घरी जायला लागला. गप्पा मारता मारता मी माल लावू लागले. परक्या गावात मला येणारी ती पहिली गोष्ट. तिचे उपकार मी विसरणार नाही.

मावशीचा राग नुसता हट्ट होता असं कुणी म्हणेल. थोडा होताच. फोनचं नेट ती बंद ठेवायची, "चालू ठेवलं का चोर शिरतो" म्हणून. मग गॅसचं ॲप इतकं जुनं झालं की सिलिंडरचा नंबरच लागेना. मावशी थेट एजन्सीत जाऊन भांडली, "सिलिंडर तोच, शेगडी तीच, मंग तुमच्या ॲपाला काय धाड भरली?" चार दिवस स्टोव्हवर रांधलं, पण अपडेट घेतलं नाही.

पण एका दुपारी मी तिला वेगळी पाहिली. भाच्याने तिच्या फोनचं नेट चालू करून दिलं होतं आणि फोटोंचं ॲप आपोआप बदललं होतं. मावशीचा नवरा गेला त्या दिवसाचे काही फोटो तिच्या फोनमध्ये होते. फोनने स्वतःच्याच अकलेने त्यांचा सिनेमा करून तिला दाखवला. चमचमत्या अक्षरांत ‘सुंदर आठवणी’, आणि खाली नाचायचं संगीत. मावशी ओरडली नाही. शिफ्ट सुटल्यावर आम्ही धामणकर नाक्याला रिक्षातून उतरलो. तेव्हा ती म्हणाली, "वाशीम, माझ्या मानसाच्या मयताला यांनी बाजा लावला गं. विचारायचं तरी." त्या दिवसापासून ती फोनवर चिडली की मला हसणाऱ्यांचाच राग यायचा.

आणि मग तो सोमवार. सकाळी स्कॅनर चालू केले तर पडदा पांढराफटक. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. हिरवं बटण गेलं होतं. सगळी बटणं निळी, एकासारखी एक. खाली डावीकडे जिथे ‘माल ठीक’ असायचं तिथे आता ‘माल खराब’ आलं होतं, आणि ‘ठीक’ उजवीकडे गेलं होतं. हे आम्हाला मागाहून कळलं. आमचे अंगठे सकाळभर शहाण्यासारखे घरी जात राहिले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेकडो चांगली दप्तरं, चादरी, कुकर आम्ही आमच्याच हातांनी भंगारात काढले होते. तिकडे गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी रद्द व्हायला लागल्या.

शिफ्टचे सर पळत आले. तरुण होते, वाईट नव्हते, पण घाबरले होते. "अरे किसने किया ये? पडदा वाचता येत नाही का? सगळ्यांचे आयडी ब्लॉक करायला सांगितलंय मला!"

आयडी ब्लॉक म्हणजे दुसऱ्या दिवशी गेट उघडत नाही. माझ्या नवऱ्याचा लूम तेव्हा बंद होता. घरात कामाला जाणारी मी एकटी. मी "सर, चुकलं माझं" म्हणायला तोंड उघडलंच होतं.

"तोंड मीट गं," मावशी म्हणाली. मग सरांकडे वळली. "हात चुकला न्हाय, बटण हललं. तुमच्या घरातला जिना कुनी गुपचूप हलवला आनि तुमी पडलात, तर गुन्हा पायाचा का?"

"मावशी, वरून आलंय ते. माझ्या हातात काही नाही."

"वर कोन रातो? त्याला खाली बोलवा. येऊन एक खोका लावू दे."

तिने एक रिकामा क्रेट पालथा घातला आणि त्यावर बसली. "स्कॅनर खाली ठेवा गं सगळ्यांनी."

एकेक स्कॅनर टेबलावर जाऊ लागला. माझा हात सुटेना. जौनपूरने कोपर मारलं, "रख दे ना, मर नहीं जाएगी!" मी ठेवला. अख्ख्या ओळीचं काम थांबलं. बाहेर गाड्या तुंबल्या, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले. सर फोन कानाला लावून फेऱ्या मारत होते. शेवटी वरून उत्तर आलं. कुणाचा आयडी बंद होणार नाही. पण पडदा आहे तोच राहणार.

मला वाटलं, मावशी आता नवीन पडद्याला हातही लावणार नाही. पण तिने दुसऱ्या दिवशी टिकल्यांची पाकिटं आणली. प्रत्येक स्कॅनरच्या उजव्या कडेला, ‘ठीक’ जिथे होतं तिथे, एक लाल टिकली चिकटवली. मग एकेकीला उभं करून शिकवत बसली, तोंडाने शिव्या चालूच. "हितं आलंय मेलं. कशाला आलं देव जाने. पन आलंय. दाब. परत दाब." ज्या गोष्टीचा तिला एवढा तिटकारा, ती तिने आमच्यासाठी आमच्याआधी पाठ केली होती.

महिनाअखेरीला आम्हाला कामावर लावणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने बऱ्याच जणींना ‘ब्रेक’ दिला. म्हणजे थोडे दिवस घरी बसवायचं आणि परत बोलवायचं. बाकीच्यांना बोलावलं. मावशीला नाही. कारण कुणी सांगितलं नाही, आणि आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं. आयडी परत करायला ती आली तेव्हा मी गेटवर रडले. "रडतेस काय? मला काढलंय, त्या स्क्रीनला न्हाय. तिच्यावर लक्ष ठेव." एवढं बोलून ती रिक्षात बसली.

आता ती अकलोलीला असते, गरम पाण्याच्या कुंडांजवळ भावाच्या चहाच्या टपरीवर. मी एकदा गेले होते. चहा देताना म्हणाली, "हितलं पानी बघ. हाय तिथं हाय, हाय तसं गरम हाय. कुनाची टाप न्हाय हात लावायची."

ओळीत नव्या आलेल्या बायकांना आता मी शिकवते. आज सर म्हणाले, उद्यापासून पुन्हा नवीन पडदा. त्या सोमवारचा राग अजून गेलेला नाही. मी म्हटलं, "सर, चालू कामात नाही. आधी आम्हाला दाखवा. शिकायला वेळ द्या." आवाज इतका कापत होता की मला पुन्हा बोलावं लागलं. मागे बायकांनी स्कॅनर खाली ठेवले. मी सांगितलं नव्हतं. सर फोनवर बोलून आले आणि म्हणाले, ठीक आहे, एक दिवस देतो.

बाहेर येऊन मी आधी मावशीला फोन लावला. तिने ‘जयभीम’ म्हटलं, ऐकून घेतलं. मला वाटलं शाबासकी देईल.

"एकच दिवस?" मावशी कडाडली. "बनवायला त्यांनी वरीस घालवलं असंल, आनि तुमाला एक दिवस? उद्या परत माग."

उद्या मागणार आहे. आवाज कापेलच. पण मागणार आहे.