बांगडीवाल्या चाचींचं मत

बांगडीवाल्या चाची नवऱ्याशी भांडायच्या त्या आमच्या अंगणात बसून. नवरा असायचा भोरला, घरी. पण आवाज असा चढायचा, की तो पडवीतच उभा आहे असं वाटावं. "म्हातारा म्हनतो, मी सांगतो त्यालाच मत दे. म्या म्हनलं, तुझं बोट तुझं, माझं बोट माझं!" निवडणूक आली की हिर्डोशीच्या आम्हा बायकांना बांगड्यांबरोबर हे भांडणही मिळायचं.

एका निवडणुकीत माझ्या यजमानांचा उमेदवार पडला. लगेच मोबाईलवर मेसेज फिरू लागला: मुसलमानांना नमाजानंतर हुकूम सुटला होता, त्यांची सगळी मतं ठरवून एकीकडे पडली. हे कुणी पाहिलं, कुणी ऐकलं, काही पत्ता नव्हता. तरी यजमान तो येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत, आणि गावही माना डोलवत ऐकायचं.

त्याच आठवड्यात चाची आल्या. माझा हात त्यांच्या हातात, बांगडी पेरांवर अडकलेली. यजमान समोर येऊन उभे राहिले.

"चाची, कुणाचा हुकूम व्हता तुमाला?"

"हुकूम? नवऱ्याचा व्हता. म्या मोडला. आजून बोलत न्हाई माझ्याशी."

"मग कुणाला दिलं?"

"ते न्हाई सांगायची." चाचींनी मान वर केली. "तुझ्या बायकोनं कुणाला दिलं, इचारलंस?"

"इचारायचं काय? आमच्या घरात समदी मतं मी सांगंल तितंच पडत्यात."

"मग हुकूम कुठं सुटला, बाबा?"

बांगड्या भरायला जमलेल्या बायकांनी माना यजमानांकडे वळवल्या. यजमानांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या उमेदवाराला मत दिलं नव्हतं. माझी मूठ आवळली गेली. ते फक्त चाचींना कळलं. त्यांनी पेरं दाबली, बांगडी मनगटावर सरकवली.

"पुन्हा हितं यायचं न्हाई," यजमान म्हणाले.

चाचींनी घाई केली नाही. राहिलेला हात भरला, टोपली उचलली आणि निघाल्या. त्यांना थांबवायला कुणीच उठलं नाही. मीही नाही.

संध्याकाळी जेवताना यजमानांनी विचारलंच, "तू कुणाला दिलंस?"

"न्हाई सांगायची," मी म्हटलं. भाकरी तशीच टाकून ते उठून गेले. पुढच्या निवडणुकीत मात्र त्यांनी विचारलं नाही.

त्यानंतर एकदा बाजाराला गेले तेव्हा भोरला चाचींच्या घरी गेले. थकल्या होत्या. आत म्हातारा खोकत होता. "चाची, या ना परत," मी म्हणाले. "आता ते काही बोलणार न्हाईत."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"तुझ्या दारात यीन गं. पन यष्टीतनं उतरल्यावर तुझ्या दारापातूर लई घरं लागत्यात."